लाल बाटली आणि सरकीची ढेप

हळदीकुंकवाला आलेली बाई बसत नाही, असा जळगावच्या मधुबन कॉलनीचा कायदा होता. तो कुणी केला कुणास ठाऊक, पण पाळत मात्र सगळ्या होत्या. बाई दारात यायची, एक चप्पल काढायची, दुसरी पायातच ठेवायची, कपाळ पुढे करायची, तीळगुळाची वडी रुमालात गुंडाळायची, वाण पिशवीत टाकायची आणि "येते हं, अजून चार घरी जायचंय" म्हणत पाठ फिरवायची. यजमानीण चहाचं आधण ठेवेपर्यंत ही कोपऱ्यावर पोचलेली असायची. याला कॉलनीत शिस्त म्हणत.

प्रमिलाबाई बोरशांना या शिस्तीचा भयंकर राग यायचा. त्या शिरपूरच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. त्यांच्या गावी दुपारी मीठ मागायला आलेली बाई दिवेलागणीला उठायची, आणि मधल्या वेळात तिने तुमचे अर्धे गहू निवडून दिलेले असायचे आणि तुमच्या सासूची यथास्थित निंदाही उरकलेली असायची. मीठ बहुतेक वेळा न्यायचं राहूनच जायचं. त्यासाठी ती दुसऱ्या दिवशी परत यायची.

नवरा सुकदेव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. त्याची जळगावला बदली झाली आणि प्रमिलाबाई या कॉलनीत येऊन पडल्या. घर चांगलं, नळाला पाणी, दारात पपईचं झाड, आणि दिवसभर बोलायला कोण, तर तेच पपईचं झाड. महिला मंडळात पहिल्याच दिवशी जे घडलं त्याने तर त्यांनी तोंडच मिटून घेतलं. मंडळाच्या अध्यक्ष सुनंदाबाई भंगाळे यांनी अगदी आपुलकीने विचारलं, "घरी सगळे कसे आहेत?"

"बठ्ठा मजामा शेत," प्रमिलाबाई आपल्या गावच्या बोलीत मोकळेपणाने म्हणाल्या.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सुनंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी प्रमिलाबाईंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "'सगळे मजेत आहेत' असं म्हणावं. येईल हं, हळूहळू येईल." त्या हसल्या असत्या तर परवडलं असतं. ही समजूत घालण्याची तऱ्हा प्रमिलाबाईंना सुईसारखी टोचली.

सुनंदाबाई म्हणजे हेडमास्तरांची बायको, आणि पुण्याच्या. म्हणजे त्या तसं सांगायच्या. "आमच्या पुण्याला" म्हटल्याशिवाय त्यांचं एक वाक्य पुरं होत नसे. आमच्या पुण्याला पोह्यांत शेंगदाणे घालत नाहीत, आमच्या पुण्याला दुपारी दार वाजवत नाहीत. पुण्यात नेमकं काय करतात ते कळायला मार्ग नव्हता, काय करत नाहीत ते मात्र सगळ्या कॉलनीला पाठ होतं.

त्या दिवसापासून प्रमिलाबाईंनी रेडिओवरच्या बातम्या ऐकून मराठी शिकायला घेतली. आता बातम्यांत जे शब्द येतात तेच येणार. दूधवाल्याला त्या म्हणाल्या, "काल दूध अपेक्षेपेक्षा कमी प्राप्त झाले." तो बिचारा घाबरून दोन दिवस माप जास्त घालत होता. शेजारणीला म्हणाल्या, "आपले आगमन कधी होणार?" शेजारीण म्हणाली, "होईल होईल," आणि ते काही झालं नाही.

पौष उजाडला आणि त्यांचा धीर सुटला. जेवताना नवऱ्याला म्हणाल्या, "आठ महिना व्हयनात. एक बी बाई मन्हा घर बठनी नही. मी काय वाघीन शे का?"

"शहर शे हाई. वखत नही ऱ्हास लोकेस्ले," सुकदेव भाकरी कुस्करत म्हणाला.

"मी आते हळदीकुंकू करस. कोनी बठनं ते बठनं. नही ते माले शिरपूरले पोचाडी द्या. आत्याबाईजवळ राही जासू. तुम्ही खानावळमा जेवा."

सुकदेवचा घास हातातच राहिला. ती बोलली की करणारी होती. शिवाय कॉलनीजवळच्या खानावळीतलं वरण त्याने एकदा चाखलं होतं. तळाशी हात घातला तर अंगठी सापडेल इतकं नितळ.

आता बाया बसवायच्या कशा? हा प्रश्न सोडवला निंबाने. निंबा हा प्रमिलाबाईंचा धाकटा भाऊ. नाशिककडे एका हौशी द्राक्षबागायतदाराने वाइनचा लहानसा कारखाना काढला होता, तिथे तो कोठीवर होता. संक्रांतीला बहिणीकडे आला तो लेबल फाटलेल्या दोन बाटल्या घेऊन. एक पांढरी, एक लाल.

"अक्का, हाई घटाघटा पेवानी चीज नही," त्याने समजावून सांगितलं. "पहिले रंग दखाना. मंग गिलास गोल फिरावाना. मंग हुंगाना. मंग एक घोट तोंडमा खेळाडाना. मंग काय याद येस ते सांगानं. आनि मंग थुंकी देवानं. आम्हना सायेब एक घोटले अर्धा तास बठतस."

प्रमिलाबाईंनी बाकीचं काही ऐकलं नाही. "अर्धा तास बठतस?"

"बठनंच पडस. शास्त्रच शे तसं."

झालं. कॉलनीच्या शास्त्राला तोडीस तोड शास्त्र सापडलं. प्रमिलाबाईंनी बाटल्या देवघराखालच्या फडताळात ठेवल्या आणि कुणाकडेही हळदीकुंकू नाही असा मंगळवार हेरला, म्हणजे चार घरांचा बहाणाच उरायला नको. बोलावणं तिघींनाच. कारण निंबाने काचेचे ग्लास पाहिजेत म्हणून बजावलं होतं, आणि लग्नात आलेल्या लेमन सेटमधले सहापैकी चारच ग्लास शाबूत होते. हा सेट शोकेसमध्ये असायचा. लग्न झाल्यापासून त्यातून कुणी पाणीसुद्धा प्यालं नव्हतं. ग्लासांवर संत्र्याच्या फोडी छापलेल्या.

सुकदेवला हे सगळं मंगळवारी दुपारी कळलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"दारू? मन्हा घर? हळदीकुंकूले?"

"दारू नही. वाइन शे. द्राक्षनी."

"येडी व्हयनी का तू? परवाना लागस तेले! हेडमास्तरनी बायको पी राहिनी नि वरतून साहेब उना, ते मन्ही नोकरी गयी!"

"मंग बाहेर उभा राहा नि साहेब येस का ते दखा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

थट्टेत म्हणाल्या त्या, पण सुकदेवने ते मनावर घेतलं. नळाला पाइप लावला आणि तो पपईच्या झाडाला पाणी घालत फाटकाशी पहाऱ्याला उभा राहिला. कुणी विचारलं तर सांगायला कारण हवं ना. सरकारी माणूस कारणाशिवाय कुठेच उभा राहत नाही.

साडेचारला तिघी आल्या. पुढे सुनंदाबाई, नेसायला इस्त्रीची कोसा साडी. मागे धनकुंवरबाई. कोपऱ्यावरचा दुमजली बंगला त्यांचा, मालक हस्तीमलशेठ यांची बाजारपेठेत पेढी. त्या जैन, सूर्य मावळल्यावर पाणीदेखील घेत नसत, म्हणून तर वेळ लवकरची ठेवली होती. आणि शेवटी ताईबाई. त्यांचे मालक वरणगावच्या कारखान्यात तोफगोळ्यांवर होते. त्यामुळे असेल, ताईबाईंचा आवाज असा की कुजबुजल्या तरी तीन घरं पलीकडे ऐकू जायचं.

तिघींनी एकेक चप्पल काढली.  प्रमिलाबाईंनी हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, ओटीत बोरं-हरभरा घातला, चहाची गाळणी वाण म्हणून दिली, आणि सुनंदाबाईंनी 'येते' म्हणायला तोंड उघडायच्या आत घाईघाईने जाहीर केलं, "मान्यवरांनी आसनस्थ व्हावे. आज या ठिकाणी द्राक्षांच्या वाइनच्या चवीचा कार्यक्रम आयोजित करण्यात आला आहे."



"वाइन?" धनकुंवरबाई दोन पावलं मागे सरल्या. "म्हणजे ती... ती?"

"भावाच्या कारखान्यातली," प्रमिलाबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

ताईबाईंनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. धनकुंवरबाईंनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. आता पंचाईत सुनंदाबाईंची झाली. वाइन त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण मोठ्या शहरातल्या बाईला वाइन माहीत नाही म्हणजे काय? निघून जावं तर अडाणी ठरणार, बसावं तर मंडळाचं अध्यक्षपद जाणार. त्यांनी घसा साफ केला.

"आमच्या पुण्याला घेतात हं," त्या म्हणाल्या. "वाइनला कुणी दारू म्हणत नाही तिकडे." आणि दुसरी चप्पलही काढून त्या सोफ्यावर बसल्या. त्या बसल्या म्हणून ताईबाई बसल्या, ताईबाई बसल्या म्हणून धनकुंवरबाई दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी टोकावर टेकल्या. प्रमिलाबाईंना आत जाऊन देवाला नमस्कार करावासा वाटला.

पांढरी बाटली आली. ताईबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"म्हणजे द्राक्षासवच की! मला धाकट्याच्या वेळी वैद्यांनी दिलं होतं. दोन चमचे, जेवणानंतर, तेवढंच पाणी घालून. चमचा आणा बाई. पथ्य काय याचं? आंबट चालतं का?"

प्रमिलाबाई गडबडल्या. पथ्याचं निंबा काही बोलला नव्हता. "आंबट चालते," त्या धीराने म्हणाल्या. मग चमचे आले. ताईबाईंनी दोन चमचे मोजून घेतली, वर दोन चमचे पाणी, डोळे गच्च मिटले, नाक दाबलं आणि घटकन गिळली. अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं "हं!" केलं आणि गूळ मागितला. सुनंदाबाईंनी, पुण्याला असंच करतात अशा चेहऱ्याने, तस्संच केलं.

"नाक दाबायचे नसते," प्रमिलाबाई काकुळतीला आल्या. "प्रथम रंग पाहावा. नंतर ग्लास वर्तुळाकार फिरवावा. नंतर वास घ्यावा. नंतर घोट तोंडात घोळवावा. आणि नंतर या पात्रात थुंकावा." त्यांनी सासूबाईंचं पितळी तस्त मध्ये सरकवलं.

"थुंकू?" ताईबाई थक्क झाल्या. "तुम्ही दिलेलं, तुमच्यासमोर? माझ्या आईने असलं शिकवलं नाही मला."

सुनंदाबाईंनाही हे पटलं. पुण्याला असो नसो, यजमानणीच्या तोंडावर तिची वस्तू थुंकणं कुठल्याच गावात बसत नव्हतं. मग त्या तस्तात बोरांच्या बिया टाकायचं ठरलं. धनकुंवरबाईंनी ग्लास नुसता नाकाजवळ धरला. "पिणार नाही हं मी. पण हुंगायला काही बंदी नाही." असं म्हणून त्यांनी असा काही श्वास ओढला की ग्लासातलीही जराशी खवळली.

"आता कशाची आठवण येते ते सांगावे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

 मग सुनंदाबाई म्हणाल्या, "छान आहे." ताईबाई म्हणाल्या, "छान आहे." धनकुंवरबाई म्हणाल्या, "वास छान आहे." कुणाच्याही घरच्या कसल्याही पोह्यांना म्हणतात ते, त्याच सुरात. आणि सुनंदाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

 छान आहे म्हटलं की संपलं. छान आहे म्हणणारी बाई पायाने चप्पल चाचपत असते, हे प्रमिलाबाईंना आता ओळखता येत होतं. त्यांना समोर शिरपूरची गाडी दिसायला लागली, खिडकीची जागा, मांडीवर वळकटी. त्यांनी लाल बाटलीचं बूच ओढलं. ओतताना घाई झाली, त्यामुळे सुनंदाबाईंच्या ग्लासात जरा जास्तच पडली, अगदी संत्र्याच्या फोडी बुडेपर्यंत.

"एवढी एकच," सुनंदाबाई म्हणाल्या. "मग निघते." त्यांनी रंग पाहिला. ग्लास फिरवला. वास घेतला. आणि बऱ्यापैकी मोठा घोट घेऊन, डोळे मिटून, तो तोंडात घोळवला.

त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी बदललं. कपाळावरची आठी गेली, ओठ सैल पडले, आणि इस्त्रीच्या साडीत एकदम एक परकरी पोर बसल्यासारखी दिसायला लागली.

"अवं माय!" त्या ओरडल्या. "हे त ढेप व्हय! भिजवेल ढेप! कायीच्या टोपल्यातली!"

आता ज्यांनी म्हैस पाळलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. काळी म्हणजे म्हैस, आणि तिला कायी म्हणणाऱ्यांच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो. सरकीचं तेल काढलं की जो चोथा उरतो ती ढेप. रात्री भिजत घालायची, सकाळी म्हशीपुढे ठेवायची, मग ती पान्हा सोडते. तिचा जो आंबूस, तेलकट, उबदार वास असतो, तो ज्याने पहाटे गोठ्यात काढला आहे त्यालाच ठाऊक. पुस्तकात मिळत नाही. पुण्यातही मिळत नाही.

 सुनंदाबाईंनी डोळे उघडले आणि आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"पुण्याला... ढेप?" ताईबाईंनी विचारलं. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, नुसतं नवल होतं. पण आवाज तो.

"म्हणजे... आमच्या काकांच्या शेजारी, पुण्याला, एक गवळी..." सुनंदाबाईंची जीभ अडखळली. त्यांनी ग्लास खाली ठेवला, पर्स उचलली, पदर सारखा केला. पाय चप्पल शोधायला लागला.

प्रमिलाबाईंना सगळं लख्ख दिसलं. ही आता जाणार. आणि आधीच्या बाया शिस्तीने गेल्या, ही शरमेने जाणार. शरमेने गेलेली बाई पुन्हा त्या घराची पायरी चढत नाही. एक क्षण, खरं सांगायचं तर एक चांगला लांबलचक क्षण, प्रमिलाबाईंच्या जिभेवर आलं होतं : "'ढेप आहे' असं म्हणावं. येईल हं, हळूहळू येईल." आठ महिने जपून ठेवलेली सुई होती ती. अशी संधी जन्मात परत आली नसती.

पण त्यांनी आपला ग्लास नाकाशी नेला, आणि ती खरोखरच ढेप होती हो! आता जी गोष्ट खरी आहे तिला खोटं कसं पाडायचं? गावाकडचा गोठा त्यांच्या नाकात शिरला आणि रेडिओची मराठी पार उडून गेली.

"ढेपच शे!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "बराबर वळखं तुम्ही, सुनंदाबाई! पन कोरडी नही. रातले भिजाडेल नि सकायले जराशी आंबेल. आम्हनी म्हैस तिन्हावरच दूध दे. नुसती कडबावर लाथ मारे!"

सुनंदाबाई चप्पल घालता घालता थांबल्या. त्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. ही थट्टा करतेय का, ते त्या चेहऱ्यावर शोधत होत्या. थट्टा नव्हती. तिथे नुसती म्हैस होती.

"आमची कायी बी," सुनंदाबाई हळूच म्हणाल्या. "ढेप नही दिली त बादलीच उलटी करे."

"पण ही सरकीची नही!" ताईबाई गरजल्या. त्यांचाही शहरी सूर कुठच्या कुठे गेला होता. "भुईमुंगाची व्हय! काय बी सांगू राह्यल्या! सरकीचा वास असा गोड राह्यते का?"

"भुईमुंगाची ढेप म्हशीले? बापाची पेंड आहे का? आम्ही फैजपूरवाले केयीत लोयतो, तरी भुईमुंगाची नही घालत!" सुनंदाबाई उसळल्या.

"तुम्ही घालत नसान! आमच्याकडे घालत!"

"नही वं, सरकीनीच शे!" प्रमिलाबाई मध्ये पडल्या. तिघी एकदम बोलायला लागल्या. प्रत्येकीने पुन्हा एकेक घोट घेतला, आणि दर घोटाला आपलंच खरं अशी जिची तिची खात्री वाढत चालली. सुनंदाबाईंनी पर्स सोफ्यावर फेकली. ताईबाईंनी पुराव्यादाखल आपल्या माहेरच्या चार म्हशींची नावं, स्वभाव आणि वेतं सांगितली.

"थांबा!"

धनकुंवरबाई उभ्या राहिल्या होत्या. इतका वेळ खुर्चीच्या टोकावर टेकलेली ती बारीकशी बाई एकदम न्यायाधीशासारखी दिसायला लागली.

"ढेप मला नका शिकवू बाई कुणी," त्या म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांची पेढीच ढेपेची. लग्न होऊन आले तेव्हा माझी खोली गोदामावर. पहिली चार वर्षं मला ढेपेशिवाय दुसरा वासच माहीत नव्हता. आणा इकडे."

त्यांनी ग्लास घेतला. आधी उजवी नाकपुडी, मग डावी. मग ग्लास लांब नेऊन परत जवळ आणला. बाकीच्या तिघी पुढे वाकल्या. 

"सरकी," धनकुंवरबाईंनी निवाडा दिला. "पण पावसात भिजून परत वाळवलेली. असा माल आला की आमचे सासरे गाडी दारातनं परत पाठवायचे."

त्यावर जो हशा उसळला त्याने फाटकाशी सुकदेव दचकला आणि पाइप त्याच्या पायावरच वळला.

मग काय विचारता! कालची पांढरी, जिला सगळ्यांनी छान म्हणून वाटेला लावलं होतं, म्हणजे कालची कसली, अर्ध्या तासापूर्वीचीच, पण तेवढ्यात जग बदललं होतं, ती परत मागवली गेली. तिच्यात सुनंदाबाईंना कच्च्या केळीचं साल सापडलं, ताईबाईंना नव्या माठातलं पहिलं पाणी, प्रमिलाबाईंना कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांचा धूर. धनकुंवरबाईंना हिशेबाच्या चोपड्यांची खळ सापडली, आणि ती कुणालाच माहीत नसल्यामुळे बिनविरोध मान्य झाली. प्यायच्या मानाने वाइन फारच थोडी संपली. बोलण्यातच तोंडं गुंतली होती. ताईबाई भूक लागली म्हणून उठल्या आणि न विचारता सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. डबे उघडल्याचे आवाज आले. "वांगी कुठी ठेवली वं?" असा तोफेसारखा प्रश्न आला. प्रमिलाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. परक्या बाईने आपल्या स्वयंपाकघरात डबे उघडावेत, यासाठी माणूस किती झुरतं हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

वांगी चुलीवर तडतडत असताना सुनंदाबाईंनी सांगून टाकलं. फैजपूरजवळच्या खेड्यातल्या त्या. पुण्याला काकांकडे शिकायला दोनच वर्षं होत्या. "केयी म्हटलं की चुलतबहिणी सगळ्या वाड्याले बोलावून आणत. म्हणायले लावत पुन्हा पुन्हा. मी रात्री पांघरुणात 'केळी, केळी' घोकत पडे." त्या हसल्या, पण हसू नीट जमलं नाही. "आणि मग मी तुले त्या दिवशी... लई वाईट केलं मी, परमिला."

"जाऊ द्या वं माय," प्रमिलाबाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही. मग दोघींनी मिळून नाकं पुसली आणि कुणाच्या गावची मिरची तिखट यावर भांडण काढलं.

सूर्य कलला तशा धनकुंवरबाई घाईघाईने बिनकांद्याचा चिवडा खायला बसल्या. एवढ्यात हस्तीमलशेठ स्कूटरवरून त्यांना शोधत आले. फाटकाशी त्यांची स्कूटर चाकाच्या निम्म्यापर्यंत चिखलात रुतली. सुकदेव गुडघाभर राडीत पाइप धरून उभा होता. पपईचं झाड एका बाजूला कलायला लागलं होतं.

"ओव्हरसियरसाहेब, पाइप फुटला की काय?"

"नाही शेठ," सुकदेव म्हणाला, "हळदीकुंकू चालू आहे."

शेठजींनी आतला गलका ऐकला, चिखलाकडे पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखे काही न बोलता स्कूटर ढकलत परत गेले.

बाया उठल्या तेव्हा दिवे लागले होते. रात्री सुकदेव पाय धुऊन आत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मंग? शिरपूरले कधय?"

"कोन जाई राहिनं शिरपूरले?" प्रमिलाबाईंनी विचारलं, आणि त्याच्या ताटात भरताचा मोठा गोळा टाकला.

पण खरं सांगू? रात्री त्यांना झोप आली नाही. उद्या काय? वाइन उतरेल, सकाळ होईल, सगळ्या शुद्धीवर येतील आणि शुद्ध बोलायला लागतील. एकदा बसल्या म्हणजे काय बसल्या. शेजारणीचं खरंखोटं दुसऱ्या दिवशी कळतं, हे त्यांना गावाकडून माहीत होतं. त्या कूस बदलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तूरडाळ निवडत असताना मागचं दार ढकललं गेलं. सुनंदाबाई होत्या. घरातली जुनी साडी, केसांना तेल थापलेलं, हातात काही नाही. हळदकुंकू नाही, निमित्त नाही.

"आमच्याकडे साहेब जेवायले आले होते शिक्षण खात्याचे, आत्ताच गेले," त्या म्हणाल्या. "सकायपासून शुद्ध बोलून बोलून माझी दाढ दुखू राह्यली. जराशी पडते वं इथं."

आणि प्रमिलाबाईंनी चटई आणायच्या आत त्या स्वयंपाकघराच्या गार फरशीवर, डोक्याखाली हात घेऊन, आडव्या झाल्या. दोन मिनिटांत घोरायलाही लागल्या. चांगल्या घोरत होत्या, पुण्याला शोभणार नाही इतक्या.

प्रमिलाबाई डाळीचं सूप मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. सूप पाखडलं तर आवाज होईल म्हणून त्यांनी ते पाखडलं नाही. सुकदेव जेवायला घरी आला, दारात थबकला, जमिनीवर पसरलेल्या महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे पाहून त्याचे डोळे विस्फारले.

"हाई काय शे?" त्याने कुजबुजत विचारलं.

"चूप," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मन्ही मैत्रीन निजेल शे. आज बाहेर जेवी ल्या."

सुकदेव पाऊल न वाजवता वळला आणि मुकाट्याने खानावळीच्या रस्त्याला लागला.